विमानाचे नियम, आपली गाडी

१२ जून २०२५ नंतर आमच्या बडोद्यात कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान उड्डाणानंतर लगेचच मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. जमिनीवरचे १९ जण गेले. अहमदाबाद आमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर. गल्लीतल्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी त्या विमानतळावरून कधीतरी गेलेलं. त्यामुळे ती बातमी टीव्हीत राहिली नाही, घरात येऊन बसली.

त्याच हिवाळ्यात पुण्याला मावसबहिणीचं लग्न होतं. अहमदाबादहून विमानाची तिकिटं काढलेली होती, ती बाबांनी रद्द केली. रेल्वेला वेटिंग. "आपली गाडी आहे ना! रात्री जेवून निघू, सकाळी पुण्यात," बाबा म्हणाले. आईला हायसं वाटलं.

मला वाटलं नाही. मी संख्याशास्त्र शिकते. सरकारी अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. म्हणजे दिवसाला सरासरी ४६२. अहमदाबादच्या अपघाताने जेवढे बळी घेतले, तेवढे आपले रस्ते चौदा तासांच्या आत घेतात. रोज. पण त्याची ब्रेकिंग न्यूज होत नाही.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "गाडी माझ्या हातात असते गं. विमानात नुसतं बसून राहायचं."

यावर आकडा काय बोलणार? बाबांची भीती आकड्यांची नव्हतीच, आपला जीव दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची होती. आणि ज्यांचं माणूस त्या विमानात होतं, त्यांना 'शक्यता फार कमी असते' हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

पण विमानाचा धोका कमी झाला तो नशिबाने नाही. १९३५ साली अमेरिकेत बोइंगचं एक नवं विमान चाचणीच्या वेळी पडलं. वैमानिक अनुभवी होते, फक्त एक कुलूप उघडायचं राहून गेलं. त्यातून उड्डाणाआधी वाचायची चेकलिस्ट आली. १९९६ मध्ये हरियाणात चरखी दादरीजवळ दोन विमानं आकाशात धडकली आणि ३४९ जण गेले. त्यानंतर टक्कर टाळणारी यंत्रणा भारतात सक्तीची झाली. वैमानिकाच्या ड्यूटीचे तास ठरलेले असतात, शेजारी दुसरा वैमानिक असतो. गेलेल्यांच्या जिवाच्या मोलाने हे नियम लिहिले गेलेत.

म्हणून मी म्हटलं, "बाबा, गाडीनेच जाऊ. पण विमानाचे नियम लावून."

रात्री निघायचं नाही, पहाटे निघायचं. दर दोन तासांनी थांबायचं. मामाला सोबत घ्यायचं आणि आलटूनपालटून चालवायचं. टायर, ब्रेक, दिवे आदल्या दिवशी बघायचे, तेही यादी करून. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा. पट्ट्यावरून आई कुरकुरली. मी एवढंच सांगितलं की आपण ज्या हायवेने जाणार, त्याच हायवेवर २०२२ मध्ये चारोटीजवळ सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी होती, ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. आईने मुकाट्याने पट्टा ओढला.

आम्हाला हळदीला उशीर झाला. मावशी दोन दिवस रुसून होती. रुसू दे.

आता थोडं आपल्याबद्दल. रस्त्यावर जीव गमावणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवाल्यांचा असतो. आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये एकदा नजर टाका, निम्मी हेल्मेटं आरशाला लटकलेली दिसतील. विमानात बसताना देवाचं नाव घेणारे आपण, स्कूटरची किल्ली फिरवताना कुणाचंच घेत नाही. नाव घ्या किंवा घेऊ नका, पण हेल्मेटचा पट्टा तेवढा हनुवटीखाली आवळा.