अब्बांच्या गाडीखालचा डाग

घाटकोपरला आमच्या सोसायटीत गाड्या उभ्या करायची जागा थोडी उंचावर आहे आणि तिथून फाटकापर्यंत उतार आहे. त्या जागेत, भिंतीलगतच्या कोपऱ्यात, अब्बांची प्रीमियर पद्मिनी उभी असते. १९९४ साली अब्बांनी ती घेतली, तेव्हा आम्ही तिघं भावंडं शाळेत होतो. महापालिकेच्या शाळेतल्या शिक्षकाच्या पगारात गाडी घेणं म्हणजे काय, हे आम्हांला खूप उशिरा कळलं. तेव्हा एवढंच कळलं होतं की आता मे महिन्यात गावी जाताना एसटीच्या रांगेत उभं राहायचं नाही.

ही गाडी आमच्या शेजारच्याच उपनगरातली. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये १९६४ पासून फियाटचं हे मॉडेल बनू लागलं आणि पुढे त्याला पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि कुठल्याही मिस्त्रीला उघडून पाहता येईल असं साधं यंत्र. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची ओळख हीच. टॅक्सी म्हणून नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनीची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली आणि ती रस्त्यावरून गेली. तेव्हा सोसायटीतले लोक आमच्या गाडीसोबत फोटो काढून घेत होते. आमची मान ताठ झाली होती. गाडीखालच्या काळ्या डागाकडे मात्र कुणी बघत नव्हतं. आम्हीही नाही.

अब्बांचा इंतकाल झाल्यापासून गाडी आम्ही ‘जपून’ ठेवली होती. म्हणजे काय, तर वर कापड घातलं आणि जुम्याच्या दिवशी ती काढून मशिदीपर्यंत न्यायची, परत आणायची. जाऊन-येऊन दोन किलोमीटर. लांब न्यायची भीती वाटे. रस्त्यात बंद पडली तर अब्बांची गाडी बंद पडली असं होईल!

तेल गळतंय हे माहीत होतं. आम्ही खाली पुठ्ठा टाकला. पुठ्ठा भिजला की दुसरा. तेल कमी होऊन इंजिन जाम होईल या धास्तीनं धाकटा दर आठवड्याला थोडं तेल वरून ओतायचा. एका गॅरेजवाल्याकडून टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, नंतर खालच्या चेंबरचं बदललं. महिना-दीड महिना बरा जायचा, मग डाग परत. दुसऱ्यानं सांगितलं, “मागचं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.” त्यानं जो आकडा सांगितला, तो ऐकून आम्ही पुन्हा पुठ्ठ्याकडे वळलो.

मग २०२४ च्या जूनमधला पहिला पाऊस आला. त्या संध्याकाळी उतारावरून पाणी वाहत होतं आणि त्या पाण्यावर निळे-जांभळे रंग पसरले होते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा क्लासहून स्कूटरवर आला. फाटकातून आत वळताना चाक सरकलं. मनगटाचं हाड मोडलं. दीड महिन्याचं प्लास्टर.

सगळे म्हणाले, पहिल्या पावसात रस्ते निसरडे होतातच. कुणीच आमचं नाव घेतलं नाही. रात्री जेवताना कुणी बोलत नव्हतं. शेवटी अम्मीच म्हणाली, “वाटेतला काटा बाजूला करणं हा ईमानाचा भाग आहे, हे तुमचे अब्बा तुम्हांला लहानपणी शिकवायचे. आपण तर वाटेत तेल सोडलंय. उठा, आत्ताच जाऊन सांगा.”

आम्ही तिघंही गेलो. काकूंनी चहा ठेवला. आपानं सरळ सांगितलं, “काकू, ते तेल आमच्या गाडीचं होतं. आम्हांला माहीत होतं.” काकू काही बोलल्या नाहीत. दवाखान्याच्या खर्चाचा विषय आम्ही काढला, तेव्हा काका म्हणाले, “पैशांचं नंतर बघू. आधी ते गळणं थांबवा. नाहीतर उद्या दुसऱ्याचं पोर पडेल.”

त्यांचं म्हणणं खरं होतं. त्यात आणखी एक पेच होता. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी गाडी दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. आमची २००९, २०१४ आणि २०१९ साली वाढवलेली. २०२४ मध्ये पुन्हा वेळ आली होती. गाडी भंगारात द्यावी, असं आपाचं मत झालं. धाकटा गप्प बसला. अम्मी म्हणाली, “आधी रोग तर कळू दे.”

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग शोधत फिरताना एका दुकानदारानं एका म्हाताऱ्या मिस्त्रींचा पत्ता दिला. आयुष्यभर फियाट उघडलेला माणूस. गाडी पाहायला आले, बॉनेट उघडलं आणि पान्याला हातही लावला नाही. म्हणाले, “आधी अंघोळ घाला हिला. मळलेल्या इंजिनात गळती शोधणं म्हणजे चिखलात सुई शोधणं.”

थंड इंजिन आम्ही ब्रशनं डिझेल लावून घासलं, फडक्यानं कोरडं पुसलं. वर अंगाला लावायची पावडर भुरभुरवली. मग त्यांना शेजारी बसवून पूर्व द्रुतगती महामार्गानं मुलुंडपर्यंत गेलो आणि आलो. कित्येक दिवसांनी गाडी तिसऱ्या गिअरच्या पुढे गेली होती. परत आल्यावर खाली स्वच्छ वर्तमानपत्र पसरलं आणि टॉर्च घेऊन पाहिलं.

त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट अशी. तेल वरून खाली उतरतं आणि चालत्या गाडीत वाऱ्यानं मागे जातं. म्हणून थेंब जिथे पडतो तिथे दोष नसतो. सगळ्यांत वरचा ओला ठिपका शोधायचा. आमच्याकडे टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यावरची पावडर काळी झाली होती. तिथलं तेल इंजिनच्या पाठीवरून ओघळून गिअरबॉक्सच्या तोंडाशी जमत होतं. ज्याला मागचं सील म्हणून गिअरबॉक्स उतरवायला निघाले होते, ते तेल मुळात वरचं होतं!

पण पुढच्या टायमिंग कव्हरजवळही ओल होती आणि चेंबरच्या कडेलाही. आम्ही म्हटलं, “म्हणजे तिन्ही पॅकिंग गेली?”

मिस्त्री हसले. “तीन ठिकाणी एकदम गळतंय, तेव्हा तीन पॅकिंग एकदम मेलेली नसतात बेटा. आतून कुणीतरी ढकलतंय.”

इंजिन चालू ठेवून त्यांनी तेल ओतायचं झाकण काढलं. फस्सकन वाफ बाहेर आली. मग त्यांनी इंजिनातली वाफ एअर क्लीनरकडे नेणारी ब्रीदरची नळी काढून आमच्या हातात दिली. आत काळा, घट्ट, हलव्यासारखा थर. फुंकर मारली तर पलीकडे हवा जाईना. पिस्टनच्या बाजूनं थोडा धूर खाली उतरतोच, जुन्या इंजिनात जरा जास्त. त्याला बाहेर पडायला वाट हवी. वाट बंद झाली की तो दाब तेलाला जिथून फट मिळेल तिथून बाहेर रेटतो. नवं पॅकिंगही मग किती दिवस टिकणार?

“गाडी रोज किती चालते?” त्यांनी विचारलं. आम्ही सांगितलं. ते म्हणाले, “दोन किलोमीटरमध्ये इंजिन नीट तापतसुद्धा नाही. आतलं बाष्प आतच राहतं, तेलात मिसळतं आणि हा चिखल होतो. तुम्ही हिला जपलं नाही, कोंडलं.”

मग त्यांनी तेलाची पट्टी काढली. तेल वरच्या खुणेच्याही बरंच वर. आठवड्याला ओतलेल्या तेलाचा हिशेब तिथे लागला. पट्टीवर दोन खुणा असतात, तेल त्यांच्या मध्ये असावं. खाली गेलं तर इंजिनला धोका, वर गेलं तर फेस होतो, दाब वाढतो आणि गळती वाढते. टॅपेट कव्हरचे नट आम्ही दर वेळी आणखी आवळले होते. त्यानं पत्र्याची कड वाकली होती आणि कॉर्कचं पॅकिंग चिरडलं होतं. म्हणजे आम्ही केलेली काळजीच गाडीला भोवत होती.

काम दोन दिवसांत झालं. नळी साफ केली, पत्र्याची कड लाकडावर ठोकून सरळ केली, टॅपेट कव्हरला नवं पॅकिंग घातलं, जुनं तेल काढून मापात नवं भरलं, चेंबरच्या बोल्टला नवा वायसर टाकला. गिअरबॉक्सला हात लावावाच लागला नाही. काढलेलं तेल धाकटा गटारात ओतायला निघाला होता. मिस्त्रींनी डबा त्याच्या हातातून घेतला. ते घातक कचऱ्यात मोडतं, ते गोळा करणाऱ्याकडेच द्यायचं.

जमिनीवरचा डाग काढणं आमचं काम होतं. लाकडाचा भुसा टाकून तेल टिपलं, भुसा गोळा केला, मग साबणाची पूड घालून घासलं. उतार फाटकापर्यंत घासला. काकूंचा मुलगा प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून पायरीवर बसला होता. “तिथे अजून राहिलंय,” असं तो बोटानं दाखवत होता. आम्ही तिथेही घासलं. दवाखान्याचा अर्धा खर्च काकांनी शेवटी घेतला, तोही आम्ही फार मागे लागलो म्हणून.

गाडी पुन्हा पाच वर्षांसाठी पास झाली, अल्हमदुलिल्लाह. गळती पूर्ण थांबली का? नाही. चेंबरच्या कडेला रात्रीतून एखादा थेंब येतो. मिस्त्री म्हणाले होते, या वयात तेवढं चालायचंच, पण तो थेंब जमिनीवर पडता कामा नये. म्हणून खाली पत्र्याचा ट्रे असतो. दर रविवारी फजरनंतर एकजण पट्टी पाहतो, एकजण ट्रे पुसतो आणि मग अम्मीला पुढे बसवून आम्ही मुलुंडपर्यंत, कधी ठाण्यापर्यंत जाऊन येतो. इंजिन चांगलं तापेपर्यंत.

परवा काकूही बरोबर आल्या होत्या.