शूलपाणीच्या झाडींतील उमेदवार

एकादशीस आपल्या पानांत पडणारी भगर कोणत्या डोंगरांतून येते, याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. नंदुरबार जिल्ह्यांत अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून गेलें म्हणजे मोलगी लागतें. तेथील भगर व आमचूर प्रसिद्ध आहेत. मोलगीपुढें सातपुड्याच्या कडेकपारींतून उतरत, शेवटचा टप्पा होडीनें कापून, आम्हीं गेल्या मार्गशीर्षांत नर्मदाकांठचें मणिबेली हें गांव पाहिलें.

‘शूलपाणीची झाडी’ हे शब्द परिक्रमा करून आलेल्यांच्या तोंडून वाचकांनीं ऐकले असतीलच. ती झाडी हीच. शूलपाणेश्वराचें प्राचीन मंदिर मात्र आतां जळाखालीं गेलें असून नवें मंदिर गुजराथेंत गोरा येथें बांधलें आहे. सरदार सरोवरामुळें महाराष्ट्रांतील ३३ गांवें बाधित झालीं. त्यांत प्रथम पाणी शिरलें तें मणिबेलींत. येथील लोकांनीं इतक्या नेटानें विरोध केला, कीं जागतिक बँकेनें मोठ्या धरणांस पैसा देऊं नये, अशी मागणी करणारा १९९४ चा जाहीरनामा मणिबेलीच्याच नांवानें जगभर गेला. तरी धरण पुरें झालें व २०१७ सालीं त्याचें लोकार्पणही झालें. आज १३८.६८ मीटर उंचीच्या त्या भिंतीमागें नदी कसली, समुद्रच पसरला आहे, आणि डोंगरांचे माथे बेटांसारखे वर उरले आहेत. येथील विजेंत महाराष्ट्राचा वाटा शेंकडा २७ आहे.

होडींत एक तरुण शेजारीं बसला होता. भिल्ल कुटुंबांतला, पुण्यास राहून संगणकशास्त्राची पदवी घेतलेला. दीड वर्षापासून तो नोकरी शोधीत होता.

‘‘गुरुजी, एकशें चाळीस अर्ज केले. शंभरांहून जास्त ठिकाणांहून उत्तरच नाहीं.’’

त्यानें सारी रीत समजावून सांगितली. पुष्कळ ठिकाणीं अर्ज प्रथम यंत्र वाचतें. ठराविक शब्द न सांपडले, तर माणसाच्या दृष्टीस तो पडतच नाहीं. पहिल्याच नोकरीस दोन वर्षांचा अनुभव मागतात. एका कंपनीनें चार फेऱ्या घेतल्या. चौथी मुलाखत त्यानें गांवामागच्या टेकडीवर, मोबाईलला रेंज मिळते तेथें उभें राहून दिली. पुढें चार महिने अवाक्षर नाहीं. नकार आलाच, तर तळाशीं एक ओळ : हें पत्र यंत्रानें धाडलें आहे, यास उत्तर देऊं नये. त्यांतच २०२५ सालीं टाटा कन्सल्टन्सीसारख्या बलाढ्य कंपनीनें सुमारें १२,००० माणसें कमी करण्याचें जाहीर केलें. तेव्हां नवशिक्यांच्या रांगेंत आतां अनुभवी माणसेंही उभीं आहेत.

त्याची धाकटी बहीण बारावींत आहे. तिला पुढें शिकवावें कीं नाहीं, हें याच्या नोकरीवर ठरणार.

‘‘वडील काय म्हणतात रे?’’ मीं विचारलें.

‘‘रोज सांजेला विचारतात, कांहीं कळलं का? त्यांनीं जमिनीसाठीं कचेरीपुढं किती वेळां धरणं धरलं! बाबांना भांडायला दार तरी होतं, गुरुजी. मी कोणाच्या दारांत बसूं?’’

या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. १९७९ च्या लवादानें, एक चतुर्थांशाहून अधिक जमीन गेलेल्या कुटुंबास किमान दोन हेक्टर जमीन द्यावी, असें लिहून ठेवलें होतें. तें मिळवितांना वर्षें गेलीं. परंतु हक्क कोणता आणि मागावयाचा कोणाकडे, हें बापास ठाऊक होतें. मुलास यांतलें कांहींच ठाऊक नाहीं.

याच रेवेचें वर्णन कालिदासानें मेघदूतांत केलें आहे. त्यांतील यक्षही कामांतील हयगयीपायीं स्वामीच्या रोषास पात्र झालेला सेवकच. पण त्यास आपला अपराध कळला होता, आणि शिक्षेची मुदतही. ती एक वर्षाची होती. कुबेराइतकी ही स्पष्टता आजच्या धनपतींस अवघड कां वाटावी?

आपल्यापैकीं पुष्कळांचे मुलगे, मुली, सुना अशा कंपन्यांत अधिकाराच्या जागीं आहेत. प्रत्येकास नोकरी देणें त्यांच्या हातीं नाहीं, हें खरें. परंतु ज्याची मुलाखत घेतली, त्यास आठ दिवसांत दोन ओळी लिहून ‘नाहीं’ म्हणणें आणि त्याचें कारण सांगणें, एवढें तर हातीं आहे! घरांतील वडीलधाऱ्यांनीं जेवतांना हा विषय जरूर काढावा. नकार मिळाला म्हणजे माणूस दुसरी वाट धरतो. मौन मिळालें म्हणजे तो टेकडीवर रेंज शोधीत उभा राहतो, आणि त्याच्याबरोबर त्याचें सारें घर.