मंद आचेचा हिशेब

'मंद आचेवर शिजू द्यावे' हे मराठी पाकपुस्तकांतले सर्वांत निरागस वाक्य असावे. त्यात कर्ता नाही. क्रियापद विध्यर्थी, त्यामुळे आज्ञा कोणाला आहे हे उघड होत नाही. आणि पाठोपाठ येणाऱ्या 'अधूनमधून ढवळावे' या वाक्यातही ढवळणारा हात व्याकरणाच्या पडद्याआडच राहतो. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने (१९७०) वाटी-चमच्याची मापे घरोघरी पोचवली. परंतु मंद आच म्हणजे किती मंद, आणि ती सांभाळण्यासाठी एक माणूस किती वेळ अडकून पडणार, याचे माप पाकपुस्तकांत सहसा मिळत नाही. ते गृहीतच धरलेले असते.

चुलीच्या काळी या प्रश्नाला एक उत्तर होते, ते म्हणजे वैल. चुलीच्या मुख्य तोंडावर भाकऱ्या होत असताना आतली उरलीसुरली धग वैलाकडे वळे, आणि तिथे सरकवलेली आमटी किंवा दूध कोणी मुद्दाम लक्ष न देता मुरत राही. अर्थात 'कोणी लक्ष न देता' हे म्हणणेही तितकेसे खरे नाही, कारण चुलीपुढे बाई बसलेली असेच. गॅस आला आणि वैल गेला; त्याच्या जागी 'सिम' आला. १९५९च्या सुमारास प्रेशर कुकर भारतात तयार होऊ लागले आणि स्वयंपाकघराच्या कालगणनेत शिट्टी नावाचे नवे एकक रूढ झाले. आजही 'डाळ किती वेळ शिजवायची?' याचे उत्तर मिनिटांत येत नाही, शिट्ट्यांत येते. शिट्ट्या मोजायलाही कोणीतरी घरात लागतेच, हा भाग वेगळा.

हे सारे चिंतन आम्हांला एरवी सुचले असते असे नाही. घरात माणसे तीन. त्यांतले आम्ही दोघे तासिका तत्त्वावर शिकवणारे, एकाची सकाळची महाविद्यालयीन वेळ तर दुसऱ्याची दुपारनंतरची, आणि आईंच्या गुडघ्यांनी ओट्यापुढे उभे राहण्यास अलीकडे नकार दिलेला. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यास घंटा वाजल्यापासून घंटा वाजेपर्यंतच्या वेळेचे मानधन मिळते. टिपणे काढण्याची, पेपर तपासण्याची, दोन महाविद्यालयांच्या मधल्या एस.टी.ची वेळ हिशेबात नसते. सिमवर ठेवलेल्या पातेल्यापाशी उभे राहण्याची वेळही अशीच बिनहिशेबी आहे, आणि आमच्या घरात ती वर्षानुवर्षे आईंच्या नावावर जमा होत आली होती. तेव्हा स्लो कुकर घ्यावा असे ठरले. मर्यादा तीन हजार रुपयांची.

या यंत्राचा जन्म अमेरिकेत झाला असला तरी त्याचे मूळ एका धार्मिक निर्बंधात आहे. अर्व्हिंग नॅक्सन या संशोधकाने आपल्या भांड्याच्या पेटंटसाठी १९३६ साली अर्ज केला आणि १९४० साली ते मिळाले. त्याने कल्पना घेतली ती घरातल्या लिथुआनियाकडच्या वडीलधाऱ्या बायकांनी सांगितलेल्या आठवणीवरून. ज्यू लोकांना शब्बाथच्या दिवशी विस्तव पेटवता येत नाही. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी गावातल्या बेकरीच्या निवत चाललेल्या भट्टीत मांस, घेवडा आणि धान्याचे मडके ठेवून यायचे आणि दुसऱ्या दिवशी ते तयार 'चोलंट' घरी आणायचे. पुढे १९७० साली रायव्हल नावाच्या कंपनीने नॅक्सनचा धंदा विकत घेतला आणि पुढल्याच वर्षी हे भांडे 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आले, ते नोकरीसाठी दिवसभर बाहेर असणाऱ्या स्त्रियांना उद्देशून. श्रम न करण्याच्या दिवसासाठी निघालेली युक्ती श्रमाच्या दिवसासाठी विकली गेली. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजाला आपल्याकडे 'शनिवार तेली' म्हणत, कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणजे शब्बाथ हा शब्द नसला तरी त्याचा अर्थ आपल्या भाषेने एका जातिवाचक नावात जपून ठेवला आहे. आपल्याकडेही श्रावणात शिळासप्तमीला चूल पेटवायची नाही अशी रीत आहे. पण तिथे तोडगा आदल्या दिवशीचे गार जेवण्याचा. रात्रभर आपले आपण शिजणाऱ्या अन्नाची कल्पना त्या व्रतातून निघाली नाही.

निघाली ती अन्य वाटांनी. कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक हे वैद्यक, कायदा आणि तत्त्वज्ञान या तिन्ही शास्त्रांत वावरणारे गृहस्थ; चीनच्या प्रवासावर त्यांचे बंगालीत पुस्तकही आहे. १९१०च्या सुमारास त्यांनी 'इकमिक कुकर' तयार केला. एकावर एक रचलेले डबे, बाहेरून नळकांडे, तळाशी थोडे कोळशाचे निखारे आणि वाफ. डबे लावून माणसाने आपल्या कामाला जावे, परत येऊन जेवावे. एकट्याने खोली घेऊन राहणाऱ्या नोकरदारांना आणि विद्यार्थ्यांना त्याचा आधार होता. त्याच जातकुळीचा 'सराई कुकर' पुण्याच्या आरती या संस्थेने घडवला. उसाच्या पाचटासारख्या शेतातल्या काडीकचऱ्यापासून केलेल्या कोळशाच्या मूठभर कांड्यांवर त्यात घराचा स्वयंपाक होतो. ही संस्था उभारणारे डॉ. आनंद कर्वे हे 'युगान्त'कर्त्या इरावतीबाईंचे चिरंजीव. साहित्याच्या विद्यार्थ्यांना कर्वे घराण्याची वंशावळ पाठ असते. तीत हा कुकर मात्र कोणी सांगत नाही.

आता प्रत्यक्ष खरेदी. पहिली गोष्ट ही की निव्वळ पैशाच्या दृष्टीने स्लो कुकर प्रेशर कुकरपुढे हरतो. दोनशे वॉटचे भांडे आठ तास चालले तर १.६ युनिट वीज जाते. तेवढेच छोले कुकरमध्ये अर्ध्या तासात, त्याहून कमी खर्चात होतात. विजेची बचत होते म्हणून स्लो कुकर घ्या असे कोणी सांगितले तर ती तुलना विजेच्या भल्यामोठ्या ओव्हनशी आहे, जो आपल्या घरात मुळात नसतो. आम्ही पैसे देत होतो ते गैरहजर राहण्याच्या मुभेचे, आणि हे एकदा स्पष्ट झाल्यावर निवड सोपी झाली.

अमेरिकेहून येणाऱ्या नातलगाने आपले जुने भांडे देऊ केले होते, ते साभार नाकारले. ते १२० व्होल्टचे. आपल्या २३० व्होल्टवर थेट जोडले तर साडेतीन पटींहून अधिक उष्णता निर्माण होऊन जळणार, आणि व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर त्यातच अंदाजपत्रकाचा मोठा वाटा जाणार. विजेच्या प्रेशर कुकरांवर 'स्लो कुक' असे एक बटण असते, तेही मोहात पाडते. पण त्यांतले पातेले बहुधा पातळ स्टीलचे आणि धग फक्त तळातून. खऱ्या स्लो कुकरमध्ये जाड चिनीमातीचे भांडे असते आणि त्याला बाजूंनीही वेढून उष्णता मिळते. सगळे मर्म या जाड भांड्यात आहे. घड्याळ, पडदा, बारा कार्यक्रम यांचे पैसे वेगळे, आणि महाराष्ट्रात तर ते तोट्याचे: वीज जाऊन आली की आकड्यांची पुष्कळशी यंत्रे आपला कार्यक्रम विसरून गप्प बसतात, साधे फिरवायचे बटण मात्र जिथे होते तिथेच असते आणि भांडे पुन्हा तापू लागते. (याचा धोकाही आहे. मध्ये वीज किती वेळ गेली होती हे ते बटण सांगत नाही. घरी कोणी नसताना दोन तासांहून जास्त गेल्याचे कळले तर आतले अन्न टाकून द्यावे हे बरे, मग ते दिसायला कितीही चांगले असो.)

तिघांसाठी तीन-साडेतीन लिटरचे भांडे पुरते. मोठे घेण्यात काटकसर नाही. भांडे निम्म्याहून कमी भरले तर कडांना करपते, दोनतृतीयांशाच्या वर भरले तर मधले कच्चे राहते. लंबगोल आकार अख्खी कोंबडी ठेवणाऱ्यांसाठी. आम्ही एकदा वापरलेले, गोल, तीन खुणांच्या बटणाचे घेतले. वापरलेले घेताना माठ घेतात तशी टिचकी मारून पाहावी. बद्द आवाज आला तर आत तडा आहे. मग निम्मे पाणी भरून 'लो'वर आठ तास ठेवावे आणि झाकण काढल्याबरोबर तापमान मोजावे. ते ८५ अंशांच्या खाली असेल तर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. 'लो' आणि 'हाय' यांतला फरक बहुतेक भांड्यांत अंतिम तापमानाचा नसून तिथवर पोचायला लागणाऱ्या वेळेचा असतो, हे आम्हांला यंत्र आल्यावर उमगले. 'वॉर्म' ही खूण शिजवण्यासाठी नव्हेच.

वापराच्या बाबतीत जुन्या सवयी उलट्या कराव्या लागतात. इथे पाणी आटत नाही, म्हणून निम्म्यापेक्षा थोडे अधिक पाणी पुरते. त्याच कारणाने बासुंदी, खवा, जे जे आटवायचे ते या भांड्याचे काम नव्हे. फोडणी यात होत नाही, ती कढल्यात वेगळी करून शेवटी ओतावी. चिंच-कोकम आधी घातले तर डाळ आणि कडधान्य मऊ व्हायला नकार देतात. झाकण उघडून पाहण्याची किंमत दर वेळी वीस-तीस मिनिटे. तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतू नये, तडकते.

राजम्याबद्दल मात्र थांबून सांगायला हवे. तांबड्या राजम्यात एक विषारी द्रव्य असते. खळखळत्या उकळीने ते नाहीसे होते, पण मंद आचेने नाही. उलट अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही घातक ठरू शकतो, आणि जेवल्यावर एक ते तीन तासांत उलट्या सुरू होतात. म्हणून रात्रभर भिजवावा, ते पाणी फेकावे, ताज्या पाण्यात गॅसवर निदान दहा मिनिटे, शक्यतो अर्धा तास, खदखदून उकळावा आणि मगच स्लो कुकरमध्ये घालावा. प्रेशर कुकरवर वाढलेल्या आपल्या पिढीला हे माहीत असण्याचे कारण नाही, कारण शिट्ट्यांनी ते काम नकळत केलेले असते.

ज्यांना तीन हजारही जड आहेत (आमच्या व्यवसायात असे महिने येतात) त्यांनी गोधडी वापरावी. पातेले जवळजवळ काठोकाठ भरून गॅसवर दहा मिनिटे चांगले उकळावे, घट्ट झाकण लावून दोन गोधड्यांत गुंडाळावे, टोपलीत किंवा खोक्यात बसवावे. तांदूळ, मुगाची खिचडी यांना हे पुरते. तीन-चार तासांत उघडून, पुन्हा एक उकळी आणून खावे. रात्रभर ठेवू नये. मांसाहाराच्या वाटेला तर या रीतीने जाऊच नये.

स्लो कुकरचा खरा कस आमच्याकडे लागला तो खपली गव्हाच्या खिरीत. कांडलेला गहू रात्री भिजवायचा, मग तासन्‌तास शिजवून दाणा फुलवायचा आणि तो पुरता मऊ झाल्यावरच गूळ घालायचा. आधी घातला तर दाणा तसाच कडक राहतो. पूर्वी या खिरीसाठी आईंची अख्खी दुपार जाई. आता सकाळी भिजवलेला गहू दुपटीहून अधिक पाणी घालून रात्री दहाला 'लो'वर लावतो आणि झोपतो. आईंचा या भांड्यावर अजून विश्वास नाही. दीड-दोनच्या सुमारास त्या उठतात, काचेच्या झाकणावर टॉर्च मारून पाहतात, आणि दाणा फुलला की नाही ते दुसऱ्या दिवशी आम्हांला सांगतात. गूळ किती घालायचा, जायफळ की वेलदोडा, हे तेव्हाच ठरते. तोवर खीर 'वॉर्म'वर असते.