परतीची वाट

मुंबईत महिंद्रांकडे विलिज जीपची जुळणी होत असे. त्याच घराण्यातील एक जीप नवेगाव बांधच्या जंगलाकाठी आमच्या अंगणात गंजत उभी होती. भंगारात घाला, असे अनेकांनी सुचविले. परंतु ऐन पावसाळ्यात तिनेच कित्येक आजाऱ्यांना दवाखान्यात पोहोचविले होते. आम्ही तिला जीवदान देण्याचे ठरविले.

इंजिन लवकरच बोलू लागले. दिवे मात्र मिणमिणत राहिले. तिची बॅटरी सहा व्होल्टची. तेवढ्याच उजेडासाठी अशा गाडीत बारा व्होल्टच्या दुप्पट प्रवाह वाहतो आणि जोडातला किंचित अडथळाही तिला सोसत नाही. उंदरांनी कुरतडलेल्या तारा नव्या घातल्या, तरी उजेड वाढेना.

वृद्ध मिस्त्री म्हणाले, "फादर, वीज दिव्यापर्यंत जाते, परत कशी येते, तेही पाहू या."

परतणारी वीज गाडीच्या सांगाड्यातूनच बॅटरीकडे येते. मिस्त्री त्या जोडाला 'अर्थ' म्हणतात. तिथला गंज खरवडून बोल्ट आवळताच दिवे लख्ख उजळले.

वाचकहो, रुसून दूर गेलेले माणूस कोणत्या घरात नसते? त्याला दोष देण्यापूर्वी परतीच्या वाटेवर आपल्या बाजूने गंज तर चढला नाही ना, एवढे अवश्य पाहावे.