वेल्ह्याला रुजू होणाऱ्या भाचीस

चि. ताई,


वेल्ह्याला, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याला, तहसीलदार म्हणून तुझी नेमणूक झाल्याचं कळलं. फार आनंद झाला.

अधिकारीपण अंगातच असावं लागतं, असं लोक म्हणतात. महसूल खात्यात हयात घालवल्यावर मला ते पटत नाही. नीट चौकशी करणं, निर्णय घेणं आणि निर्णयानंतरचं निस्तरणं या सवयी आहेत, आणि त्या लावून घेता येतात.

या सवयींचा एक जुना दाखला तुझ्या शेजारच्याच भोर तालुक्यातल्या रांझे गावचा आहे. 1646 च्या जानेवारीत तिथल्या बाबाजी गुजर पाटलाने एका स्त्रीशी बदअमल केल्याचं प्रकरण शिवाजी महाराजांपुढे आलं. महाराज तेव्हा सोळाव्या वर्षात होते. पाटलाचे हातपाय तोडले, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण या प्रकरणावरच्या महाराजांच्या पत्रात आणखीही आहे. पाटलाला आणवून चौकशी झाली आणि गुन्हा खरा ठरल्यावर शिक्षा झाली. वतन जप्त झालं. मग त्याच्याच कुळातल्या सोनजी गुजराकडून रक्कम घेऊन त्याला पाटिलकी दिली आणि जायबंदी बाबाजीलाही त्याच्याच हवाली केलं. शिक्षेचा तो प्रकार त्या काळाबरोबर गेला. मात्र सत्तेतला माणूस आहे म्हणून गय नाही, चौकशीशिवाय निकाल नाही आणि निकालानंतर गाव वाऱ्यावर सोडायचं नाही, ही रीत आजही शिकण्याजोगी आहे.

पुढे 1676 मध्ये महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलं, की गावोगाव फिरा, कुणब्यांना गोळा करा, कोणाकडे बैल नाहीत, कोणाकडे दाणे नाहीत ते पाहा, नसेल त्याला द्या आणि व्याज न लावता मुद्दल ऐपतीप्रमाणे हळूहळू घ्या. गरजू माणूस कचेरीत येण्याची वाट सुभेदाराने पाहायची नव्हती.

गरजूंपर्यंत आपण होऊन पोचण्याचा हा प्रश्न तुझ्यासमोर कातकरी वाड्यांच्या रूपाने येईल. जातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. कामासाठी वर्षानुवर्षं गाव सोडून फिरणाऱ्या कुटुंबाने तो आणायचा कुठून? दाखल्यावर सही प्रांतांची असते, पण चौकशीचा भार तहसील कचेरीवर येतो. वाडीवर जाऊन गृहचौकशी कर, शाळेचं जुनं रजिस्टर काढायला लाव, नातेवाइकांचे आधीचे दाखले पाहा. ‘कागद अपूर्ण’ असा शेरा मारून अर्ज परत करायला एक मिनिट लागतं; त्यात एखाद्या पोराची शिष्यवृत्ती जाते.

तलाठी आणि कोतवालांना बरोबर ने. भात लावणीच्या दिवसांत, घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असताना, कोणत्या वाडीचा रस्ता बंद होतो हे त्यांना ठाऊक असतं. त्यांचं ऐकून घे. त्यांनी प्रामाणिकपणे केलेल्या पंचनाम्यावर दबाव आला, तर पुढे तू उभी राहा. साहेब मागे सरले की हाताखालची माणसं खरं लिहिणं सोडतात आणि मग खोट्या अहवालांवर तालुका चालतो.

आणि कुठलाही अर्ज नाकारावा लागला, तर कारण अर्जदाराला समजेल अशा मराठीत सविस्तर लिही. त्याला अपिलात जायचं असेल, तर तेच कारण त्याच्या हाती हवं. जिच्या आदेशाविरुद्ध गरीब माणसाला नीट दाद मागता येते, तिच्या न्यायावर लोक विश्वास ठेवतात.

तुझा,
मामा