शेवटचा चेंडू सोडून

वॉटरटाउन, मॅसॅच्युसेट्स
9 नोव्हेंबर

ती. दादा,


वहिनीनं पाठवलेला फोटो मिळाला. माळ्यावरच्या ट्रंकेत माझी जुनी पत्रं सापडली म्हणे. त्यातलं एक निळं एअरोग्राम मोबाइलवर टिपून तिनं पाठवलं आणि खाली लिहिलं, "भाऊजी, तुमचं अक्षर तेव्हा वाचता येत होतं."

पत्रावर तारीख 29 ऑक्टोबर 1986. मला इथं येऊन सव्वा वर्ष झालं होतं. अर्धं पत्र आईचे गुडघे, थंडी आणि पैसे. उरलेल्या अर्ध्यात बेसबॉल, ज्यातलं तुला एक अक्षर कळलं नसणार. त्यात मी लिहिलंय : "जिंकलेला सामना होता. बिल बकनर नावाच्या एका म्हाताऱ्या खेळाडूच्या पायांमधून चेंडू गेला आणि आमचं जगज्जेतेपद गेलं. तुमच्या चेतन शर्मासारखंच."

तो म्हातारा तेव्हा 36 वर्षांचा होता. आज माझा मुलगा जवळपास त्याच वयाचा आहे, आणि त्याला कोणी म्हातारा म्हटलं तर तुझी सून भांडायला उठेल.

परवा फोनवर तू विचारलंस, निकाल ठाऊक असलेला सामना चार चार तास बघायचा म्हणजे शिळ्या कढीला ऊत नाही का? तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर या पत्रामुळंच मी तो सामना पुन्हा लावला. इथल्या बेसबॉल मंडळानं जुने प्लेऑफचे आणि वर्ल्ड सीरिजचे सामने अख्खेच्या अख्खे यूट्यूबवर ठेवलेत. म्हटलं, आपलं पत्र तपासून तरी बघू.

पत्र खोटं निघालं, दादा.

आधी थोडी पार्श्वभूमी. सात सामन्यांची वर्ल्ड सीरिज, चार जिंकेल तो जगज्जेता. आमच्या बॉस्टनच्या रेड सॉक्सकडं तीन, न्यूयॉर्कच्या मेट्सकडं दोन. बॉस्टननं शेवटचं विजेतेपद 1918 साली मिळवलेलं. मी या गावात नवा, पण नव्या मुसलमानाची बांग मोठी, तसं झालं होतं. खोलीत आम्ही पाच जण, एक जुना टीव्ही, आणि त्यावर ठेवलेला आईचा गणपती.

सहावा सामना शनिवारी, 25 ऑक्टोबरला, न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर झाला. ते स्टेडियम आता नाही. ते पाडून तिथं शेजारच्या नव्या मैदानाचं पार्किंग झालंय. पण फीत सुरू केली की लाग्वार्डिया विमानतळावरची विमानं डोक्यावरून घरघरत जाताना अजून ऐकू येतात. पहिल्याच इनिंगमध्ये एक माणूस मेट्सचा फलक घेऊन पॅराशूटनं थेट मैदानात उतरतो. पोलीस त्याला घेऊन जातात, खेळ पुढं चालू. एवढी अजब गोष्ट मी साफ विसरलो होतो!

त्या काळी पडद्याच्या कोपऱ्यात धावफलक कायमचा नसे. किती स्ट्राइक, किती बाद, कुठल्या बेसवर कोण, हे डोक्यात ठेवावं लागे. मी एका पाकिटाच्या मागं पेन्सिलीनं मांडत बसलो. 2023 पासून पिचरला घड्याळ लावलंय, ठरलेल्या सेकंदांत चेंडू टाकावाच लागतो. रोजच्या सामन्यांसाठी ते झालं हे उत्तमच झालं, मला त्याचं दुःख नाही. पण 1986 च्या त्या दहाव्या इनिंगमध्ये पिचर चेंडू चोळत उभा राहतो, इकडं तिकडं बघतो, कॅचरच्या खुणेला मान हलवतो, आणि तेवढ्या वेळात तुम्ही त्याचा चेहरा वाचू शकता. कॅल्विन शिराल्डी त्याचं नाव, 24 वर्षांचा, माझ्याच वयाचा. त्याचा चेहरा मी तेव्हा पाहिलाच नव्हता. तेव्हा फक्त चेंडू पाहिला.

तर दहावी इनिंग. डेव्ह हेंडरसननं होम रन मारला, पाठोपाठ आणखी एक धाव, बॉस्टन 5-3 नं पुढं. मेट्सचे पहिले दोघं उंच झेल देऊन बाद. एक बाद झाला की संपलं. शेच्या धावफलकावर क्षणभर बॉस्टनचं अभिनंदन झळकून गेलं. पाहुण्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये शॅम्पेन उडणार म्हणून प्लास्टिकचे पडदे लागले होते. सामन्याचा मानकरी म्हणून बॉस्टनच्या मार्टी बॅरेटचं नाव टीव्हीवर जाहीरसुद्धा झालं. फीत बघताना इथं मी एकटाच खोलीत मोठ्यानं हसलो.

मग गॅरी कार्टरचा साधा फटका. केव्हिन मिचेलचा साधा फटका. रे नाइटवर दोन स्ट्राइक, म्हणजे विजेतेपद एका चेंडूवर. त्यानंही साधाच फटका मारला, कार्टर घरी आला, 5-4. पिचर बदलला, बॉब स्टॅन्ली आला. समोर मुकी विल्सन. आता नीट वाच. विल्सनवरही दोन स्ट्राइक झाल्यावर स्टॅन्लीचा एक चेंडू आत घुसतो, विल्सन कमरेत वाकून उडी मारतो, चेंडू कॅचरला चुकवून मागं जातो, आणि तिसऱ्या बेसवरचा मिचेल धावत घरी येतो. 5-5. बरोबरी! तो चेंडू विल्सनच्या पायाला नुसता घासला असता तरी नियमानं मिचेल तिसऱ्या बेसवरच राहिला असता आणि बॉस्टन पुढंच राहिलं असतं.

बकनरच्या पायांमधून चेंडू गेला तो यानंतर, त्याच विल्सनच्या दहाव्या चेंडूवर. म्हणजे जिंकलेला सामना बकनरच्या आधीच हातातून गेला होता. त्यानं चेंडू अडवला असता तर फार तर अकरावी इनिंग झाली असती. आणि विल्सनचा वेग बघता तोही भरवसा नाही.

हे मी 1986 साली, माझ्या डोळ्यांनी, जागा राहून पाहिलं होतं. चार दिवसांत ते पुसून गेलं. कारण त्या चार दिवसांत टीव्हीवर तो एकच तुकडा शंभरदा दाखवला : चेंडू, पाय, नाइट उड्या मारत घरी येतोय. सहा-सात सेकंदांचा. चार तासांचा सामना मी त्या तुकड्याला देऊन टाकला आणि तुला पत्रात तोच पाठवला.

आणखी एक. बकनरचा दोष काढायचाच असेल तर आठव्या इनिंगमध्ये काढा. तिन्ही बेस भरलेले, दोन बाद, धावसंख्या बॉस्टनच्या बाजूनं 3-2. मेट्सचा डावखुरा पिचर आलेला, बकनरही डावखुरा, बाकावर उजवा डॉन बेलर मोकळा बसलेला. तरी व्यवस्थापक जॉन मॅक्नमारानं बकनरलाच खेळवलं. सोपा झेल, इनिंग संपली. तिथं एक फटका बसला असता तर दहाव्या इनिंगची वेळच आली नसती. हे आज कोणाच्या तोंडी नसतं. शिवाय घोटे दुखणाऱ्या बकनरच्या जागी शेवटच्या इनिंग्जमध्ये डेव्ह स्टेपल्टनला आणायची या प्लेऑफमधली मॅक्नमाराची रीत होती. त्या रात्री त्यानं ती मोडली. बॉस्टनचा पिचर क्लेमेन्स सातव्या इनिंगनंतर बाहेर गेला, तो स्वतः निघाला की काढला गेला, यावर त्यानं आणि मॅक्नमारानं अखेरपर्यंत वेगवेगळं सांगितलं.

आणि सातवा सामना? पावसामुळं एक दिवस पुढं ढकललेला, सोमवारचा. त्यातही बॉस्टन 3-0 नं पुढं होतं, सहाव्या इनिंगपर्यंत. मग 8-5 नं हरलं. माझ्या एअरोग्राममध्ये त्याबद्दल एक ओळ नाही. तू पत्र वाचून समजला असशील की सहाव्यालाच खेळ खलास.

व्हिन स्कलीचं समालोचन ऐकायला मात्र हा सामना परत लाव म्हणेन. नाइट घरी आल्यावर तो तीन मिनिटांच्या आसपास एक शब्दही बोलत नाही. गर्दीचा आवाज आणि चेहरे, बस्स. आपल्याकडच्या हल्लीच्या समालोचकांना ही फीत सक्तीची करावी.

एकदा चटक लागल्यावर मी दोन आठवडे मागं गेलो. 12 ऑक्टोबर 1986, ॲनाहाइम, प्लेऑफमधला एंजल्सविरुद्धचा पाचवा सामना. याच हेंडरसननं एका स्ट्राइकवर सामना संपत असताना डॉनी मूरच्या चेंडूवर होम रन मारला, तो दिवस. त्या रात्री आम्ही पाचही जण नाचलो होतो. माझी आठवण अशी, की त्या फटक्यानं आम्ही जिंकलो. साफ चूक. त्या फटक्यानं बॉस्टन 6-5 नं पुढं गेलं. एंजल्सनी नवव्याच्या उत्तरार्धात बरोबरी केली, पुन्हा तिन्ही बेस भरले, एकच बाद. एक बऱ्यापैकी खोल उंच फटका पुरला असता. दोन चांगले खेळाडू आले आणि काही न करता गेले. मूर अकराव्या इनिंगपर्यंत टाकत राहिला, आणि तिथं हेंडरसनच्याच एका उंच फटक्यावर निर्णायक धाव झाली. 7-6. मूरच्या नावानं मात्र तो एकच चेंडू लागला. 1989 साली त्यानं आपलं आयुष्य संपवलं. घरात आणि मनात बरंच काही चाललं होतं, त्याचा सगळा भार एका चेंडूवर टाकणं म्हणजे मी पत्रात केलं तेच पुन्हा करणं. पण होम रननंतर मूरचा चेहरा पडद्यावर येतो, तेव्हा नाचणाऱ्या पाच जणांतला मी मला आवडला नाही.

आता एक कबुली, वहिनीला सांगू नकोस. 2004 साली यांकीजविरुद्ध 0-3 नं मागं असताना आम्ही चौथा सामना जिंकला, मग पुढचे तिन्ही जिंकलो, मग वर्ल्ड सीरिजही. 86 वर्षांचा दुष्काळ संपला. डेव्ह रॉबर्ट्सनं नवव्या इनिंगमध्ये चोरलेला तो दुसरा बेस "मी लाइव्ह पाहिला" असं मी 20 वर्षं सांगत आलोय. पाहिला नाही. आठव्या इनिंगला टीव्ही बंद करून झोपलो होतो, सकाळी ऑफिस होतं. सामना रात्री एकच्या पुढं चालला. परवा पहिल्यांदा पाहिला. सगळ्या मैदानाला ठाऊक आहे की रॉबर्ट्स पळणार, यांकीजचा पिचर रिव्हेरा त्याला डांबायला पहिल्या बेसकडं तीनदा चेंडू फेकतो, तरी तो पळतो आणि पोचतो. मला निकाल ठाऊक, तरी मी खुर्चीच्या कडेवर आलो होतो. शिळ्या कढीचं उत्तर हे घे.

बकनरबद्दल शेवटचं. 2008 च्या एप्रिलमध्ये बॉस्टननं त्याला फेनवे पार्कवर बोलावलं, पहिला मानाचा चेंडू टाकायला. अख्खं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं, तो डोळे पुसत होता. मी घरी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या आणि मनात म्हटलं, जा, तुला माफ केलं. किती उदार मी! 2,715 फटके मारलेला माणूस, 1986 च्या त्या हंगामात 102 धावा आणणारा, ज्याच्या जोरावर आम्ही तिथवर पोचलो. माफी कोणी कोणाची मागायची होती? 2019 साली तो गेला. मुकी विल्सनशी त्याची पुढं चांगली मैत्री झाली होती. दोघं मिळून त्या चेंडूच्या फोटोंवर सह्या देत.

आणि म्हणून तुझ्याकडं एक काम आहे. माझ्याकडं तुझी दोन पत्रं अजून आहेत. पहिलं 1986 च्या एप्रिलमधलं, शारजाचं. मियाँदादचा षटकार आणि चेतन शर्माला तू दिलेल्या शिव्या, दोन्ही बाजू भरून. दुसरं नोव्हेंबर 1987 चं. 31 ऑक्टोबरला तू स्वतः नागपुरात सदरच्या व्हीसीएच्या मैदानावर बसला होतास. त्याच चेतन शर्मानं तुझ्यासमोर रदरफर्ड, स्मिथ, चॅटफील्ड या तिघांचे लागोपाठ त्रिफळे उडवले, वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक. तुझ्या पत्रात गावसकरच्या शतकाला दीड पान आहे, हॅटट्रिकला दोन ओळी.

शारजाचं ते षटक एकदा लाव. अकरा धावा हव्या असतात तिथून, पहिल्या चेंडूपासून. बिन्नीनं सीमेवर अडवलेला चेंडू बघ, पाचव्या चेंडूवर तौसीफला धावबाद करायची हुकलेली संधी बघ. सहाव्या चेंडूच्या आधी बंद केलंस तरी चालेल, तो तुला पाठ आहे. मग नागपूरच्या हॅटट्रिकबद्दल मला दीड पान लिहून पाठव. फोन नको, पत्रच. त्या दिवशी तू कुठल्या बाजूला बसला होतास तेही लिही.

वहिनीला नमस्कार. ट्रंकेतली बाकीची पत्रं इतक्यात वाचू नका म्हणावं.

तुझा,
धाकटा