घोडीच्या पायांखालची जमीन

घोडा हा प्राणी आमच्या पेडणे महालात आता बहुधा देवाच्या वाहनाच्या रूपाने किंवा शिगम्याच्या दिवसांत लाकडी अवस्थेतच दृष्टीस पडतो. डिचोली-सत्तरीकडील घोडेमोडणीत कमरेला बांधलेला तो लाकडी घोडा कितीही नाचला तरी त्याचे सांधे धरत नाहीत, आणि त्याच्या निवाऱ्यास कोणती जमीन घालावी हा प्रश्न कोणास पडत नाही. आम्हांसही तो आयुष्याची साठ वर्षे पडला नव्हता. कोरगावात आमच्या घरामागे गोठा आहे. त्यात एके काळी सात गुरे होती, आणि मुक्या जनावराचे सुखदुःख आपणांस कळते अशी आमची समजूत होती.

दोन वर्षांमागे एका परिचिताने, किनाऱ्यावर पर्यटकांस पाठीवर घेऊन फिरणारी आपली घोडी काढून टाकावयाचे ठरविले. वय विसाच्या आसपास, रंग बदामी, पुढच्या दोन्ही पायांचे खुरांवरील सांधे सुजलेले. घेणारा कोणी नव्हता. घरात नातवंडांनी हट्ट धरला आणि आम्ही, मनातून राजी असल्यामुळे, फारसा विरोध न करता हरलो.

गोठा तयारच होता. त्यातील शेणाची जमीन काढून आम्ही चांगला घोटलेला सिमेंटचा कोबा घातला होता. धुतलेले पाणी क्षणात गटारात जावे म्हणून त्यास भरपूर उतारही दिला होता. आल्यागेल्यास तो गोठा आम्ही अभिमानाने दाखवीत असू. घोडी तेथे बांधली. ती खात असे, पाणी पीत असे, मुलांच्या हातचा गूळही घेई. पण रात्री केव्हाही पाहावे तर उभी. घोडे उभ्यानेच झोपतात हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, तेव्हा आम्हांस त्यात वावगे दिसले नाही.

ते ऐकीव ज्ञान अर्धेच खरे होते. घोड्याच्या पायांतील स्नायुबंधांची रचना अशी की, सांधे जणू कडी लावल्याप्रमाणे अडकतात आणि फारसे श्रम न होता तो उभ्याने डुलकी घेतो. परंतु गाढ, स्वप्नांची झोप त्यास आडवे पडल्यावाचून मिळत नाही. दिवसाकाठी अर्धापाऊण तास ती पुरते, पण तेवढी हवीच. एके पहाटे गोठ्यात धपकन आवाज झाला. जाऊन पाहतो तो घोडी पुढच्या पायांवर कोसळून पुन्हा उठण्यासाठी धडपडत होती, आणि ओल्या कोब्यावर खूर सरकत होते. दोन्ही पायांचे पुढचे कातडे सोललेले होते. त्यांवर जुनी खपलीही होती. म्हणजे हे पहिल्यांदाच घडत नव्हते. आमचे लक्ष पहिल्यांदाच गेले होते.

गुरांच्या डॉक्टरांनी सुजेवर औषध दिले, नाल काढावयास सांगितले, आणि मग औषधांची पिशवी मिटून ते कितीतरी वेळ जमिनीकडेच पाहत राहिले. ही आडवी पडत नाही कारण पुन्हा उठता येईल याचा तिला भरवसा नाही, असे त्यांचे म्हणणे. गाय उठताना आधी मागचे अंग उचलते. घोडा पुढचे पाय समोर रोवून त्यांच्या आधारे उठतो. म्हणजे दुखऱ्या सांध्यांवरच सारा भार, आणि तोही निसरड्या उतारावर! झोपेवाचून अशी पडत राहिली तर एक दिवस पाय मोडेल, आणि मग तिला शांत करण्यावाचून उपाय उरणार नाही, हेही त्यांनी सांगून टाकले. शेजारच्या वृद्ध गड्याने हेच आधी दोन वाक्यांत सांगितले होते : ‘बाब, सिमिटार घोडी उबी रावता, पूण आडवी पडना.’ त्या वेळी आम्ही त्यास हसलो होतो.

मग आम्ही शोधास लागलो. स्वभावानुसार आधी ग्रंथ. कौटिल्याने अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात प्रत्येक घोड्यास स्वतंत्र चौरस जागा, खाली गुळगुळीत फळ्या आणि मलमूत्र वाहून जाण्याची सोय सांगितली आहे. ग्रीक सेनानी झेनोफन याने तर खूर कठीण व्हावेत म्हणून तबेल्यात खुराएवढे दगड बसवावेत असा सल्ला दिला. दोन्ही मते थोरांची. पण दोघांच्याही डोळ्यांपुढे लढाईचा धडधाकट घोडा होता, आणि शंभर इंचांहून अधिक पावसात फळ्यांचे काय होते हे पाटलीपुत्रात कोणास दिसणार?

घोड्यांची बाजू आमच्या मते माथेरानच्या घोडेवाल्यांना अधिक कळते. तेथील वाटा आमच्यासारख्याच तांबड्या जांभ्या मातीच्या. त्यांवर फरशीचे ठोकळे बसविण्याचे काम निघाले तेव्हा, यांवर घोडे घसरतात, अशी त्यांची तक्रार होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि 2025 साली न्यायालयाने मुख्य रस्त्यास मुभा देऊन आतल्या वाटांस मनाई केली. पायांखालची जमीन हा देशातील सर्वोच्च न्यायपीठाचा विषय होऊ शकतो, हे वाचून आम्हांस आमच्या गोठ्याची थोडी कमी लाज वाटली.

किनाऱ्यावरची वाळू आणून टाकावी असे एकाने सुचविले. पण खोल वाळूत पाय रुततात, स्नायूंना ओढ बसते, आणि वैरणीबरोबर पोटात गेलेली वाळू पोटशूळ उठविते. चिऱ्यांची फरसबंदी दिसावयास सुंदर, पण आषाढात तिच्यावर शेवाळ धरते. नुसती चोपलेली माती मऊ खरी. मात्र घोडा एकाच जागी पाय खणतो, एकाच जागी मुततो, आणि महिन्याभरात खड्डे पडून चारी पाय चार पातळ्यांवर येतात. शिवाय खालून ओल चढते ती निराळीच.

शेवटी कोबा फोडला. मिस्त्रीने कपाळावर हात मारून घेतला. ‘लोक माती काडून कोबो घालतात, तुमी कोबो काडून माती घालतात!’ तळाशी चिऱ्यांच्या कपच्यांचा सहा इंच थर घातला, म्हणजे ओल तेथेच अडावी व पाणी झिरपावे. त्यावर मुरूम पसरून, पाणी शिंपून, धुमसाने तीन दिवस चोपून घेतला. उतार दहा फुटांस जेमतेम दोन इंच. त्यावर पाऊण इंच जाडीच्या खरबरीत रबरी चटया, एकमेकींत अडकणाऱ्या. चटई ही काही गादी नव्हे. तिच्यावर वीतभर अंथरूण लागतेच. आम्ही घरच्या भाताचा पेंढा पसरला तो घोडीने दोन रात्रींत खाऊन टाकला. मग सुताराकडून रंध्याची साल आणली. बारीक भुसा मात्र घेतला नाही, त्याची धूळ छातीत जाते. आणि गोठ्याची एक भिंत काढून अंगणाकडची बाजू मोकळी केली, कारण सांधे धरलेल्या घोड्यास कोंडून ठेवणे वाईट. तो हळूहळू चालत राहिला पाहिजे.

हे काम चालू असता आमच्या मातोश्री रोज काठी टेकीत येऊन बसत. त्यांचे वय शहाऐंशी. हल्ली देवळादेवळांतून संगमरवर झाला आहे, आणि पाय धुऊन ओल्या पावलांनी आत शिरणाऱ्या म्हाताऱ्या खांब धरून देवापर्यंत जातात, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. देखणेपणाचे कौतुकही केले आहे. आमच्याही घरात चकचकीत लाद्या आहेत. एके दिवशी मातोश्री मुरुमावर पाय दाबून पाहत म्हणाल्या, ‘घोडीचे झाले की माझ्या न्हाणीघराचे बघ हो.’ त्यांनी हे चार वर्षांत कधी सांगितले नव्हते. आम्हीही कधी विचारले नव्हते.

नव्या जमिनीवर घोडी आली तरी पाच रात्री उभीच होती. सहाव्या दिवशी सकाळी खरारा करावयास गेलो तो तिच्या डाव्या कुशीला आणि आयाळीत लाकडाच्या साली चिकटलेल्या. आम्ही त्या तशाच ठेवून आधी मातोश्रींस बोलावून आणले.

सूज पुरती उतरलेली नाही. ती उतरणारही नाही असे डॉक्टर म्हणतात. थंडीत सकाळी ती पहिली वीस पावले लंगडते. दर चार महिन्यांनी चटया उचलून खालचे धुवावे लागते, नाहीतर मूत्राची उग्र वाफ डोळ्यांत जाते. यंदा चतुर्थीच्या गडबडीत ते राहून गेले आणि दाराजवळची एक कड वर आली आहे; तिथला मुरूम बसला असावा. उद्या मिस्त्री येणार आहे. न्हाणीघराच्या खरबरीत लाद्याही त्यालाच आणावयास सांगितल्या आहेत.